बालवाडीत घरच्यांचा सहभाग: वर्षभराचे नियोजन कसे करावे?

प्रश्न (बालवाडी शिक्षिका, नाशिक)

सर्वांना नमस्कार.

औद्योगिक वसाहतीलगतच्या एका बालवाडीत मी मोठ्या गटाला शिकवते. वर्गात 26 मुले आहेत. बहुतेकांचे वडील कारखान्यात पाळीने कामाला जातात, बऱ्याच जणांच्या आया द्राक्षबागांत रोजंदारीवर किंवा घरकामाला जातात आणि मुलांना आणणे-सोडणे आजी-आजोबांकडे किंवा थोरल्या बहिणीकडे असते. निम्म्या घरांत अहिराणी बोलली जाते, चार घरांत भोजपुरी.

गेल्या वर्षी मी तीन पालकसभा घेतल्या. पहिल्या सभेला 14 जण आले, तिसरीला पाचच. आता मागे वळून पाहते तेव्हा जाणवते, की त्या सभांत पाऊण-पाऊण तास मीच बोलत होते आणि तेही डबा, गणवेश व गैरहजेरी यांविषयीच. मूल घरी काय करते, कशाने रमते, हे मी कोणालाच विचारले नाही. यंदा जूनपासूनच घरच्यांना वर्गाच्या कामात सामील करून घ्यायचे आहे. ज्यांना दिवसा येता येत नाही त्यांचे काय करावे आणि सुरुवात कोठून करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (निवृत्त मुख्यसेविका म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, पालघर)

ताई, सभेला लोक आले नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नका. सुरुवात सभेपासून झाली, एवढीच अडचण होती. आमच्या भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली आणि त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द रुळला. घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर वर्ग भरला, की त्यांना वेगळे बोलवावे लागत नाही, हे मी माझ्या नोकरीच्या काळात अनेक पाड्यांवर पाहिले आहे. तुम्हाला वर्ग अंगणात नेता येणार नाही, परंतु स्वतः अंगणापर्यंत नक्की जाता येईल.

रोज दोन घरे धरली तर 26 गृहभेटी कामाच्या 13 दिवसांत होतात. भेटीला जाताना छापील अर्ज नेऊ नका, कारण कागद दिसला की माणसे जपून बोलू लागतात. मुलाला घरी काय म्हणून हाक मारतात, ते रात्री कोणाजवळ झोपते आणि घरात कोणाच्या हाताला कोणते काम चांगले येते, एवढेच गप्पांच्या ओघात विचारा आणि बाहेर पडल्यावर टिपणवहीत लिहून ठेवा. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतूनच तुमचे वर्षाचे नियोजन उभे राहील.

मग दिनदर्शिका घेऊन बसा. ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारीनंतरची काढणी या काळात बागेत जाणाऱ्या आयांना दिवसा बोलावू नये. त्यांची रोजची मजुरी बुडवून होणारा सहभाग मला तरी मान्य नाही. त्यांच्यासाठी संध्याकाळी वस्तीतच पाच-सहा जणींना अर्धा तास एकत्र बसवता येते. राज्यात 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमात मातांचे असेच छोटे गट केले होते.

उत्तर 2 (एक पालक, छत्रपती संभाजीनगर)

मी शिक्षक नाही, पाळीने काम करणारा बाप आहे. आमच्या बालवाडीतून निरोप आदल्या रात्री यायचा, त्यामुळे पाळी बदलून घेणे शक्यच होत नसे. माझी विनंती अशी, की निदान 15 दिवस आधी कळवावे आणि ‘अवश्य यावे’ असे न लिहिता आम्ही येऊन नेमके काय करायचे आहे ते सांगावे. मुलीच्या बालवाडीतील ताईंनी एकदा मला रात्रपाळीवरून परत येताना सकाळी साडेआठला वर्गात यायला सांगितले. मी मुठीएवढे, धार नसलेले नट-बोल्ट स्वच्छ धुऊन नेले होते. एक मुलगा बराच वेळ नट उलट्या बाजूने फिरवत राहिला. मी सांगणार तोच ताईंनी मला खुणेने थांबवले. थोड्या वेळाने त्याने हात उलटा फिरवला, नट आट्यांत बसला आणि त्याने आधी माझ्याकडे पाहिले. त्या 20 मिनिटांसाठी मी झोप आनंदाने बाजूला ठेवली.

उत्तर 3 (पूर्वप्राथमिक शिक्षिका, धुळे)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे; केवळ एका गोष्टीची काळजी घ्यावी. ज्याच्या घरून कोणीच येऊ शकत नाही, ते मूल त्या दिवशी दाराकडे पाहत बसते. म्हणून मी निमंत्रण नात्याच्या नावाने देत नाही, कामाच्या नावाने देते. ‘आईचा दिवस’ न ठेवता ‘मेथी निवडण्याचा दिवस’ ठेवला, की शेजारची काकू आली तरी ती सर्वांचीच होते. आमच्याकडे एक आजी जुडी सोडून मुलांमध्ये बसल्या आणि पाने खुडता खुडता अहिराणीत बोलू लागल्या. वर्गात कधीही तोंड न उघडणारा एक मुलगा त्यांच्या तोंडून ‘आंडोर’ (मुलगा) हा शब्द ऐकताच सरकत त्यांच्याजवळ गेला आणि स्वतःच्या घराविषयी सलग सांगत राहिला. त्याला बोलता येत होते. मला त्याची भाषा येत नव्हती. तेव्हापासून ज्या आजी येऊ शकत नाहीत त्यांच्या गोष्टी मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवते. भोजपुरी घरांसाठीही हे सहज करता येईल. घरून विकतची वस्तू मात्र कधीही मागवू नये.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. गृहभेटी 16 जूनपासून सुरू करते आणि पहिली सभा ऑगस्टपर्यंत पुढे ढकलते. एका मुलीचे आजोबा तिला सोडल्यावर रोज फाटकापाशी तासभर बसून राहतात. ते पूर्वी दोरखंड वळत असत, एवढे मला ऐकून ठाऊक आहे. पहिली भेट त्यांच्याच घरी देईन.