सेलूत भाड्याच्या घरासाठी पोर्टेबल पॉवर स्टेशन: ५०० वॅट-तासांत भागेल का १००० चं घ्यावं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. घर भाड्याचं, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. उन्हाळ्यात लाईट साधारण दिवसातून दोनदा जाते, दुपारी दोनेक तास आणि रात्री दोनेक तास. घरमालक वायरिंगला हात लावू देत नाहीत, म्हणून पोर्टेबल पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला डबा) बघतोय. बजेट ३५ हजार, ओढूनताणून ४०.

चालवायचं ते असं: छताचे २ साधे पंखे, ९ वॅटचे २ एलईडी बल्ब, वायफाय राउटर, लॅपटॉप आणि वडिलांचं नेब्युलायझर, प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं. फ्रीज १९० लिटरचा, सिंगल डोअर, जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरचा. कूलर चालला तर सोन्याहून पिवळं.

ऑनलाइन ‘८०,००० एमएएच’ लिहिलेली स्टेशनं निम्म्या किमतीत दिसतात, ती घ्यावीत का? आणि एक दुकानदार म्हणतो की दोन्ही टोकांना टॉप लावलेली वायर करा, एक टोक स्टेशनमध्ये आणि एक भिंतीच्या सॉकेटमध्ये घाला, सगळं घर चालेल. हे जमतं का?

---

नांदेड_वायरिंग

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यात माणूस मरू शकतो. दोन्ही टोकांना टॉप असलेली वायर करायची नाही. कोणी करून दिली तर तोडून टाका.

एक तर एक टोक स्टेशनमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. दुसरं, मेन स्विच बंद करायचं एखाद्या दिवशी राहून गेलं की तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर पडते. डीपी जशी ११ हजार व्होल्टचे २३० करते, तशीच उलट बाजूनं २३० चे ११ हजारही करते. लाईट बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात तो करंट जातो. तिसरं, लाईट परत आली की स्टेशनचा इन्व्हर्टर आणि लाईन एकमेकांवर आदळतात आणि इन्व्हर्टर तिथल्या तिथे जळतो. असं जळलेलं यंत्र वॉरंटीत बसत नाही.

भाड्याच्या घरात सरळ मार्ग हाच: स्टेशनमधून एक चांगलं एक्स्टेंशन काढायचं, १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचं, आणि लागतील त्या वस्तू त्याला लावायच्या. छताचा पंखाच हवा असेल तर मालकांना विचारून त्या एका पंख्याची फेज आणि न्यूट्रल, दोन्ही, बोर्डातून सोडवून ३ पिनच्या टॉपवर घ्यायची. एरवी तो टॉप भिंतीच्या सॉकेटला, लाईट गेली की स्टेशनच्या एक्स्टेंशनला. फक्त फेज काढून न्यूट्रल घराचीच ठेवली तर पंखा चालणार नाही, कारण स्टेशनच्या आउटपुटचा घराच्या न्यूट्रलशी काही संबंध नसतो. मग कोणीतरी ‘न्यूट्रल जोडून टाका’ असा सल्ला देतं. तो ऐकू नका.

कूलरबद्दल: पत्र्याचा कूलर स्टेशनवर चालत असताना घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) त्या सर्किटमध्ये नसतो, त्याचं संरक्षण धरायचं नाही. पाणी भरताना टॉप काढायचाच, स्विच बंद करून भागत नाही.

---

एलएफपी_जालना

आता हिशोब. एमएएच हा आकडा बाजूला ठेवा. तो आतल्या एका सेलच्या व्होल्टेजवर मोजलेला असतो. ८०,००० एमएएच म्हणजे ८० अँपिअर-तास. लिथियम आयनचा सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे २९६ वॅट-तास. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे २५६. आकडा ८० हजारांचा दिसतो, पण साध्या एका पंख्यालाही ते तीन-साडेतीन तासच पुरतं. जाहिरातीत वॅट-तास लिहिलेच नसतील तर पुढे बघायची गरज नाही.

तुमचा लोड: साधे दोन पंखे ७५ प्रमाणे १५०, बल्ब १८, राउटर १०, लॅपटॉप ५०. एकूण २२८ वॅट. दोन तासांचे ४५६ वॅट-तास. बॅटरीतलं सगळं सॉकेटपर्यंत पोचत नाही, साधारण ८५ टक्के धरा. म्हणजे बॅटरीतून ५३६ गेले. नेब्युलायझर १५० वॅटचं धरलं तर १५ मिनिटांचे ४५ अजून. शिवाय एसी आउटपुट चालू ठेवलं की इन्व्हर्टर स्वतःच १० वॅटच्या आसपास खातो, त्याचे २०. झाले ६००. पाचशेचं स्टेशन एका वेळेलाही पुरत नाही.

आता फक्त पंखे बदला. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा पूर्ण वेगावर ३० वॅटच्या आसपास घेतो. दोघांचे ६०, एकूण लोड १३८. दोन तासांचे बॅटरीतून ३२५, नेब्युलायझर आणि इन्व्हर्टरची भूक धरून ३९०. आता पाचशेचं स्टेशन शंभरेक वॅट-तास राखून पुरतं. मधल्या वेळेत चार्ज झालं की रात्रीची लाईट गेली तरी तयार. म्हणून माझं ठाम मत: आधी पैसे पंख्यांत घाला, बॅटरीत नंतर. दोन बीएलडीसी पंख्यांचे सहा-सात हजार जातील, पण तेवढ्यात स्टेशनचा निम्मा आकार वाचतो आणि लाईट असतानाचं बिलही उतरतं. मालक छताला हात लावू देत नसतील तर बीएलडीसी मोटरचा पेडेस्टल पंखा घ्या, घर बदललं तरी तुमच्याबरोबर येतो.

फ्रीज यादीतून काढा. चालताना तो १००-१५० वॅटच घेतो, पण जुना कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा-आठ पट ओढतो आणि छोटं स्टेशन ओव्हरलोड दाखवून बंद पडतं. त्या वेळी नेब्युलायझर चालू असेल तर तेही बंद. दार उघडलं नाही तर फ्रीज चार तास गारवा धरतो. दोन तासांसाठी त्याच्यावर बॅटरी जाळायची नाही. कूलरचं म्हणाल तर पंप धरून १८० वॅटचा कूलर एकटाच ५०० च्या स्टेशनवर दोन-सव्वादोन तास चालेल, मग बाकी काही नाही. दुपारी एकाच खोलीत बसत असाल तर तो सौदा वाईट नाही, रात्री मात्र पंखेच बरे.

राउटरला एक युक्ती: तो १२ व्होल्टचा असेल तर स्टेशनच्या १२ व्होल्ट डीसी आउटपुटवरून थेट चालवा. एसी बंद ठेवता येतं आणि इन्व्हर्टरची १० वॅटची भूक वाचते. आधी राउटरच्या अॅडॉप्टरवरचं लेबल वाचा, काही राउटर ९ व्होल्टचे असतात. टोकाची पोलॅरिटी जुळवा, बहुतेकांत मधली पिन प्लस असते. आणि स्टेशनच्या माहितीपत्रकात १२ व्होल्ट ‘रेग्युलेटेड’ आहे का बघा. नसेल तर बॅटरी भरलेली असताना तिथे १४ च्या वर व्होल्ट येऊ शकतात.

विकत घेताना बघायचं ते: एलएफपी बॅटरी (खोक्यावर LiFePO₄ ऐवजी नुसतं ‘लिथियम’ लिहिलं असेल तर विचारून घ्या), शुद्ध साइन वेव्ह (लाईनसारखीच गुळगुळीत वीज), आणि आउटपुट किमान ५०० वॅट सलग. मॉडिफाइड साइन वेव्हवर पंखा गुरगुरतो, नेब्युलायझरची मोटर तापते. बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून तपासा, लिथियम सेलसाठी मानक आयएस १६०४६ आहे. आणि वजन बघाच. चांगल्या एलएफपी स्टेशनमध्ये किलोमागे ७० ते ८५ वॅट-तास बसतात. इकोफ्लोचं रिव्हर २ मॅक्स ५१२ वॅट-तासांचं, वजन ६.१ किलो. कोणी अडीच किलोच्या डब्याला ‘५०० वॅट-तास एलएफपी’ म्हणत असेल तर आत तेवढे सेल मावतच नाहीत.

---

शेवटचा_खांब

वरचा हिशोब बरोबर आहे, पण एक पर्याय कोणी बोललंच नाही. साधा घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी वीस-पंचवीस हजारांत होते. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. ८० टक्के वापरली, इन्व्हर्टरमध्ये २० टक्के गेले, तरी ११५० हातात येतात. म्हणजे पाचशेच्या स्टेशनच्या अडीच पटीहून जास्त. त्याला घराची वायरिंग बदलावी लागते असं नाही. इनपुटचा टॉप भिंतीत, मागच्या सॉकेटमधून एक्स्टेंशन, झालं.

तोटेही सांगतो. बॅटरी ५०-६० किलोची, वरच्या मजल्यावर चढवायला दोन माणसं. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटरची पातळी महिन्याला बघावी लागते, नळाचं पाणी घातलं की बॅटरी गेली. चार्ज व्हायला दहा-बारा तास. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून वडील झोपतात त्या बंद खोलीत नको, हवेशीर जागेत ठेवायची. दर वर्ष-दोन वर्षांनी घर बदलत असाल तर स्टेशन घ्या. एकाच घरात पाच वर्षं राहणार असाल तर मला इन्व्हर्टरच पटतो.

कोणतंही घ्या, आपल्याकडचा खरा अडथळा व्होल्टेज आहे. रब्बीत आणि उन्हाळ्यात मोटारी सुरू झाल्या की लाईनच्या शेवटाला १६०-१७० व्होल्ट येतात. पुष्कळ स्टेशनं १८०-१९० च्या खाली चार्जच होत नाहीत. लाईट आहे, बल्ब पेटलाय, पण चार्जिंगचा आकडा शून्य, आणि माणूस समजतो यंत्र बिघडलं. माहितीपत्रकात एसी इनपुटची व्होल्टेज रेंज बघा. एक साधा मल्टीमीटर घेऊन सॉकेटचं व्होल्टेज सकाळी, दुपारी आणि रात्री आठच्या सुमारास आठवडाभर लिहून काढा. कमी येत असेल तर स्टेशनच्या आधी छोटा स्टॅबिलायझर लावा.

यूपीएस मोडबद्दलही तेच (स्टेशन भिंतीला लावलेलं, वस्तू स्टेशनला, लाईट गेली की आपोआप बॅटरीवर). लाईट असताना स्टेशन लाईन जशीच्या तशी पुढे सोडतं. न्यूट्रल तुटून २८० आले तर तेही पुढे जाऊ शकतात. लॅपटॉपला १०-२० मिलिसेकंदांचा बदल कळतही नाही, पण संरक्षण वेगळं लागतं.

---

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन वर्षांत बदली होणार, त्यामुळे स्टेशनच. दोन बीएलडीसी पेडेस्टल पंखे आणि ५०० वॅट-तासांचं एलएफपी असं ठरतंय. दोन शंका उरल्या. मालक गच्चीवर एक सोलर पॅनल ठेवू देतायत, जवळच्या दुकानात ५४० वॅटचं मिळतं, लावावं का? आणि मे महिन्यात खोली ४० अंशांवर जाते, स्टेशन टिकेल का?

---

सौर_परभणी

पॅनलच्या मागच्या लेबलवर ‘व्हीओसी’ (काही न जोडता पॅनल देतं ते व्होल्टेज) बघा आणि स्टेशनच्या सोलर इनपुटची कमाल मर्यादा बघा. ५४० वॅटच्या पॅनलचा व्हीओसी ४९-५० व्होल्ट असतो आणि छोट्या स्टेशनांची मर्यादा पुष्कळदा ५० व्होल्टच असते. वरवर बसतंय असं वाटतं, पण तो आकडा २५ अंशांचा आहे. पॅनल जितकं गार, तितकं व्होल्टेज वर, अंशामागे पाव टक्क्याहून थोडं जास्त. परभणीकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा ५ अंशांवर येतो. तेव्हा ४९.५ चे ५२ होतात आणि कोवळं ऊन पडताच स्टेशनचा सोलर इनपुट जळू शकतो. उन्हाळाभर चालून हिवाळ्यात बंद पडण्याचं कारण बहुतेकदा हेच.

तुमच्या स्टेशनसाठी १००-१०० वॅटची दोन पॅनल घ्या, व्हीओसी प्रत्येकी २२ च्या आसपास. मालिकेत जोडली तर ४४, थंडीतही ४७ च्या आत. इनपुटची मर्यादा ३० व्होल्ट असेल तर मात्र समांतरच जोडा. उन्हात तापलेलं पॅनल लेबलच्या ७५-८० टक्केच देतं, म्हणजे २०० वॅटमधून दीडशे धरा. ऊन स्वच्छ असेल तर रिकामं स्टेशन चार तासांत भरतं. पॅनल गच्चीवर नुसतं टेकवून ठेवू नका. वळवाच्या आधी सुटणारा वारा ते उचलून खाली रस्त्यावर टाकतो, कोनाच्या फ्रेमला नटबोल्टनं आवळा आणि फ्रेमवर वजन ठेवा.

---

एलएफपी_जालना

४० अंशांत टिकेल, पण जागा बघून ठेवा. एलएफपी सेल चार्ज करायची मर्यादा साधारण ४५ अंश आहे, वापरायची ६०. खोली ४० आणि चार्जिंगची स्वतःची उष्णता वर, म्हणजे दुपारी ४५ गाठायला वेळ लागत नाही. मग यंत्र चार्जिंग थांबवतं, थंड झालं की परत सुरू करतं. हा बिघाड नाही. माळ्यावर किंवा कपाटात अजिबात नको, स्लॅबजवळची हवा सगळ्यात तापलेली असते. खाली फरशीवर ठेवा, पंख्याच्या झरोक्यांसमोर वीतभर मोकळी जागा सोडा, त्यावर कापड टाकू नका. हळू चार्जिंगचा मोड असेल तर तोच वापरा. पॅनलची वायर आत घ्या, स्टेशन गच्चीवर न्यायचं नाही.

रोजच्या वापरात महिन्यातून एकदा तरी पूर्ण १०० टक्के भरा. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे टक्क्यांचा आकडा हळूहळू चुकत जातो. मग ३० टक्के दाखवत असताना यंत्र अचानक बंद पडतं. पूर्ण भरलं की आकडा परत जुळतो आणि सेलही सारखे होतात. महिना-दोन महिने गावाला जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर बंद करून ठेवा.

आल्या आल्या एक चाचणी कराच, परत करायची मुदत संपायच्या आत. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा. स्टेशन पूर्ण भरा, त्यावर जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि घड्याळ बघा. ५०० वॅट-तासांचं खरं यंत्र चार तासांच्या आसपास चाललं पाहिजे. साडेतीनच्या आत बंद पडलं तर परत पाठवा, ‘दोन-चार चार्जिंगनंतर सुधारेल’ हे लिथियमला लागू नाही. ही चाचणी दुपारी न करता संध्याकाळी करा, म्हणजे लगेच पुन्हा भरताना यंत्र तापलेलं नसेल. आणि पहिल्यांदा नेब्युलायझर लावाल तेव्हा लाईट असताना, पण स्टेशनचा टॉप भिंतीतून काढून आणि दोन्ही पंखे स्टेशनवर चालू ठेवून लावून बघा. सुरू होताना यंत्र ओव्हरलोड दाखवतं का ते त्याच वेळी कळेल.