काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा बंद करायचं?

सह्यवेडा:
कालच्या एका पोस्टने डोकं उठलंय. म्हणे, भंडारदऱ्याचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य काजव्यांच्या हंगामात पर्यटकांना पूर्ण बंद करा, येणारा प्रत्येक जण काजव्यांचा मारेकरी आहे. प्रत्येक जण? पंधरा वर्षं मी मे सरता सरता तिथे जातोय. मुतखेल गावाच्या पुढे गाडी लावायची, टॉर्च न पेटवता चालायचं. हिरडा, बेहडा, सादडा ही झाडं अख्खी लुकलुकत असतात. माझ्या लेकीने आयुष्यातला पहिला काजवा तिथे पाहिला आणि तासभर तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. मी मारेकरी? गाड्या धरणाजवळच्या शेंडी गावातच अडवा, पण जंगल बंद करू नका.

रानवाट:
पोस्ट माझीच, आणि एक शब्द मागे घेणार नाही. तुम्ही चालत जाता, ठीक. शनिवारी रात्री घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते ती कुणाची? हेडलाइट चालू, गाणी चालू. नराचा उजेड मादीला दिसलाच नाही तर जोडी जमणार कशी? मादी अंडी घालते ओल्या मातीत, पाचोळ्यात, आणि फोटोसाठी लोक नेमके तिथेच उतरतात. आणि शेंडी ते घाटघर वीसेक किलोमीटर आहे. पोरंबाळं घेऊन कोण चालणार? पाऊस धरला की सगळं संपतं. दोन-तीन आठवडे घरी बसवत नाही?

उडदावण्याचा:
मी इथलाच, उडदावणे गावचा. तुम्ही दोघं भांडताय, आम्हाला विचारलं कुणी? भात निघाला की आमची पोरं नारायणगावला मजुरीला जातात. मृगाच्या तोंडावर अंगणात चार पंगती उठल्या तर बियाण्याचे पैसे सुटतात. भंडारदऱ्याचं धरण 1926 पासून आमच्या उशाशी, पाणी मात्र खालच्या तालुक्यांना. आता काजवेही बंद करा!

चिंचवडकर:
पंगतीचा विषय निघालाच आहे तर बोलतो. गेल्या वर्षी त्याच भागात पिठलं, दोन भाकऱ्या, ठेचा, भात असं ताट 250 रुपयांना घेतलं. तिसऱ्या भाकरीचे पैसे वेगळे. शहरातली खानावळ परवडली.

उडदावण्याचा:
दादा, माझी आई संध्याकाळी चारपासून चुलीपुढे बसते. लाकडं डोक्यावरून, पाणी विहिरीवरून. दोन वर्षांपूर्वी एका ग्रुपवाल्याने चाळीस ताटं सांगितली आणि आलाच नाही, फोनही बंद. शंभराच्या वर भाकऱ्या सकाळी गुरांपुढे टाकल्या. आई त्या दिवशी जेवली नाही. त्याचा हिशेब कुठल्या खानावळीत लावू?

सह्यवेडा:
हे ग्रुपवालेच मूळ आहेत! बस भरून माणसं आणायची, अंधारात ओरडून हजेरी घ्यायची, अर्ध्या तासात परत.

चिंचवडकर:
ग्रुपने फसवलं त्याची वसुली माझ्याकडून का? चाळीस ताटांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. तरी तिसरी भाकरी ताटातच हवी. गावाकडे आजी पाहुण्याच्या भाकऱ्या मोजत नसे.

उडदावण्याचा:
आजीकडे तुम्ही पाहुणे होता. आमच्या अंगणात रोज साठ माणसं येतात.

माळशेजची माई:
भाकरीवर किती बोलाल? काजवे राहिले बाजूला. गाड्या शेंडीत थांबवून गावच्याच जीपने लोकांना पुढे न्यायला काय हरकत आहे? भाडं गावात राहील, चालकाला दिवे कुठे मालवायचे ते ठाऊक असेल.

रानवाट:
जीपलाही दिवे असतातच. पण दोनशे गाड्यांऐवजी वीस जीप, हे मान्य करावं लागतंय. माझा अर्धा विरोध गेला. अर्धाच. झाडाखाली उतरायची बंदी हवी, आणि ती गावाने पाळून दाखवावी. 'प्रत्येक जण' हे मात्र जरा जास्त झालं.

सह्यवेडा:
जरा?

उडदावण्याचा:
उतरू देणार नाही, माझा शब्द. भाकरीचं आईला विचारतो.