मालेगावच्या पीईवर (सेवादात्याच्या, ग्राहकाला जोडणाऱ्या राउटरवर) अंबडचे रूट का येत नाहीत?

प्रश्न (अंबड, नाशिक)
नमस्कार. एका ग्राहकाचा अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखाना आणि मालेगावचे गोदाम आम्हाला एमपीएलएस लेयर ३ व्हीपीएनने (पॅकेटला लेबल लावून चालणाऱ्या सामायिक नेटवर्कमधील खाजगी जोडणीने) जोडायचे आहे. रूट डिस्टिंग्विशर (रूट वेगळा ओळखू यावा म्हणून लावायचा आकडा) आणि रूट टार्गेट (रूटला लावायची खूण) हे दोन्ही अंबडच्या व्हीआरएफमध्ये (पीईवरील ग्राहकाच्या स्वतंत्र रूटिंग टेबलमध्ये) ६४५१२:१०, तर मालेगावला ६४५१२:२० असे ठेवले आहेत. दोन्ही पीईंच्या लूपबॅकमध्ये (राउटरच्या आभासी पत्त्यांमध्ये) पिंग होतो आणि पीई एकमेकांना व्हीपीएनचे रूट कळवतात ते व्हीपीएनव्ही४ चे बीजीपी सत्रही सुरू आहे. तरीही अंबडचा १९२.१६८.१.०/२४ हा रूट मालेगावच्या व्हीआरएफमध्येच काय, बीजीपी टेबलमध्येही दिसत नाही. हेच सबनेट आमच्या आणखी एका ग्राहकाकडे आहे. त्यामुळे गल्लत होत असेल का?

उत्तर (सातपूर)
सबनेटमुळे गल्लत होणार नाही. ३२ बिटांच्या पत्त्याआधी ६४ बिटांचा डिस्टिंग्विशर लागून ९६ बिटांचा वेगळाच पत्ता तयार होतो आणि डिस्टिंग्विशरचे काम तेवढ्यावरच संपते. रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये शिरेल, हे रूट टार्गेट ठरवते. अंबड ६४५१२:१० हे टार्गेट लावून रूट बाहेर देते (एक्स्पोर्ट) आणि मालेगाव फक्त ६४५१२:२० चे रूट आत घेते (इम्पोर्ट). शिवाय ज्या रूटचे टार्गेट स्थानिक व्हीआरएफपैकी एकही इम्पोर्ट करत नाही, असा रूट पीई सहसा साठवतच नाही. टेबल रिकामे दिसते ते यामुळेच, म्हणून बीजीपी सत्राला दोष देऊ नये. दोन्हीकडे इम्पोर्ट व एक्स्पोर्टसाठी एकच टार्गेट द्या, डिस्टिंग्विशर मात्र वेगळे राहू द्या. डिस्टिंग्विशर आणि टार्गेटला एकच आकडा देण्याची पद्धत माझ्या मते सोडूनच द्यावी, कारण तिच्यामुळे दोन्हींचे काम एकच आहे असे वाटू लागते. चांदवडच्या मधल्या पी राउटरवर (ग्राहकाशी थेट न जोडलेल्या, नेटवर्कच्या आतल्या राउटरवर) हे रूट शोधण्यात वेळ घालवू नका. ग्राहकाचे रूट तिथे नसतातच, तो केवळ वरचे लेबल पाहून पॅकेट पुढे पाठवतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, रूट व्हीआरएफमध्ये आला. मात्र मालेगावचा सीई (ग्राहकाकडचा राउटर) तो स्वीकारत नाही. दोन्ही सीईंवर बीजीपी असून एएस क्रमांक (बीजीपीमधील नेटवर्कचा ओळख क्रमांक) ६५००१ हाच आहे.

उत्तर (सिन्नर)
एएस-पाथमध्ये (रूट ज्या एएसमधून आला त्यांच्या यादीत) स्वतःचाच क्रमांक दिसल्यावर सीई त्याला लूप समजून रूट नाकारतो. दोन्ही पीईंवर व्हीआरएफमधील सीई नेबरसाठी एएस-ओव्हरराइड लावा, म्हणजे पीई ६५००१ च्या जागी तुमच्या नेटवर्कचा क्रमांक घालून रूट पुढे देईल. यामुळे लूप ओळखण्याची ती सोय जाते, म्हणून एखादे ठिकाण दोन लिंकने जोडलेले असल्यास साइट ऑफ ओरिजिनही (रूट कोणत्या ठिकाणचा ते सांगणारी खूण) अवश्य लावा. सेवा सुरू करण्यापूर्वी मोठे पॅकेटही तपासून घ्या. प्रत्येक लेबल ४ बाइटचे असते, त्यामुळे १५०० बाइटचे पॅकेट दोन लेबलांसह १५०८ बाइटचे होते; मधल्या लिंकचा एमटीयू (जाऊ शकणाऱ्या पॅकेटचा कमाल आकार) तेवढा नसेल तर साधा पिंग होतो आणि मोठ्या फाइल अडकतात. डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका अशी खूण) लावून १५०० बाइटचा पिंग एका सीईवरून दुसऱ्या सीईपर्यंत करून पाहा.