मदत हवी आहे: विमानाची शेपूट उचलून धरायला घरगुती घोडी कशी बनवावी?

नमस्कार मंडळी. शीर्षक वाचून हसू नका, प्रश्न खरा आहे.

मी नवी मुंबईत विमान दुरुस्ती शिकवणाऱ्या एका संस्थेत वर्कशॉप सांभाळतो. आमच्याकडे एक जुनं पुष्पक आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५८ साली बंगळुरात पहिल्यांदा उडालेलं दोन जणांचं देशी विमान, पूर्वी फ्लाइंग क्लबांत शिकाऊ वैमानिक याच्यावर हात बसवायचे. आमचं आता उडणार नाही, ते फक्त पोरांच्या सरावासाठी आहे. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर कापड. पुढे दोन चाकं आणि शेपटाखाली एक इवलंसं चाक. त्यामुळे उभं असताना नाक कायम आभाळाकडे.

पोरांना वजन करून गुरुत्वमध्य काढायला शिकवायचंय. त्यासाठी विमान सपाट हवं. विमानाच्या दाराच्या उंबऱ्यावर कोन मोजला तर १२ अंश निघाला. पुढच्या चाकांपासून मागचं चाक ४.५० मीटरवर, म्हणजे शेपूट ९०-९५ सेंटिमीटर वर घ्यायची आणि तासभर तिथंच ठेवायची. मागच्या चाकाखाली वजनकाटा ठेवून बघितला, ३८ किलो.

मागच्या आठवड्यात लाकडी ठोकळ्यांची चळत रचली, वर मारुतीचा सिझर जॅक ठेवला आणि शेपटाच्या पाट्याखाली (मागचं चाक ज्या स्प्रिंगच्या पट्टीवर बसतं ती) लावून थोडं थोडं उचलत गेलो. पुढची चाकं गुटके लावून पक्की केली होती. अर्ध्या मीटरपर्यंत सगळं छान. ७० च्या आसपास जॅक पुढे कलायला लागला. मी "थांब" म्हणेपर्यंत चळत कोसळली आणि शेपूट धाडकन खाली. पाटा सरळ झाला, पोटाखालचं कापड वीतभर फाटलं. त्या चळतीवर दोन सेकंद आधी एका पोराचा हात होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तयार स्टँड मागवायची फाइल वर गेली ती वरच आहे. माझ्या डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, शेडच्या छताच्या कैचीला चेनकप्पी बांधून शेपटाला पट्टा घालून उचलणं. दोन, लोखंडी घोडी. काय करावं? आणि जॅक कलला का? फरशी सपाट आहे, तपासलंय.

जुना_फिटर: कैचीला ३८ किलो म्हणजे काहीच नाही, मला काळजी पट्ट्याची वाटते. कापडाच्या विमानाला शेपटाजवळ पट्टा घालून उचललंत तर आतल्या बारीक पट्ट्या चेपतील आणि कापड सुरकुतेल. पाटा जिथे सांगाड्याला बोल्टने बसतो तिथेच आधार द्या. शेपटाच्या आडव्या पंखाला किंवा त्याच्या तारांना धरून उचलू नका. पोरं नेमकं तिथंच धरतात, कारण ते हाताशी येतं. आणि हे सगळं न उडणाऱ्या विमानापुरतं. उडणाऱ्याला त्याच्या मॅन्युअलमधल्या जागाच, आणि परवानाधारक इंजिनिअर समोर हवा.

धुरकरी: मी विमानातला नाही, पण बैलगाडीतला आहे. चाकांना दगड लावलेत आणि जू हाताने वर उचललंत तर जू सरळ वर जातं का? नाही. वर जाताना चाकांकडे सरकतं. तुमचं मागचं चाक म्हणजे जू. ते पुढे सरकलं आणि खालचा जॅक जागेवर राहिला, मग कलणार नाही तर काय?

दुसरं. धुरजड, म्हणजे पुढे जास्त वजन असलेल्या गाडीची धुरी उचलत गेलात की भार मागे जातो आणि एका जागी गाडी उलाळते, म्हणजे मागे कलंडते. तुमचं इंजिन गाडीच्या मागच्या बाजूला आहे असं समजा. शेपूट वर नेताना तिच्यावरचं वजन कमी होत जाईल, आणि ते कमी होतंय हीच धोक्याची खूण.

धागाकर्ता: धुरकरी, दंडवत! हे आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो आणि स्वतः ठोकळे रचताना विसरतो. आकडा मांडला. साडेचार मीटरची त्रिज्या, १२ अंश: शेपूट सुमारे १० सेंटिमीटर पुढे येते. ७० सेंटिमीटर उंचीलाच साडेपाच. सिझर जॅकचं बूड केवढं असतं!

कळंबोलीकर: फॅब्रिकेशनचं काम करतो. मला एक कळलं नाही, जॅक हवाच कशाला? ३८ किलो म्हणजे तांदळाचं पोतंसुद्धा नाही. दोघांनी उचलायचं, तिसऱ्याने पिन घालायची. ५० बाय ५० एमएमचा, तीन एमएम जाडीचा चौकोनी पाइप उभा, त्यात ४० चा सरकता. दर ५ सेंटिमीटरला भोक, १२ एमएमची पिन. वर यू आकाराचा खोबणा, आतून जुन्या टायरचं रबर. खाली ८० बाय ८० सेंटिमीटरची चौकट, चार फिरती चाकं, ब्रेकवाली. उचलताना ब्रेक मोकळे म्हणजे घोडी शेपटाबरोबर आपोआप पुढे येईल. उंची झाली की ब्रेक मारा.

जुना_फिटर: पटलं. हायड्रॉलिक जॅकवर तासभर सोडण्यापेक्षा पिन केव्हाही बरी, सील गळलं तर जॅक हळूहळू बसतो. एकच भर: धुरकरींचा उलाळ विसरू नका. शेपूट घोडीला पट्ट्याने बांधा, घोडीच्या चौकटीवर वाळूच्या गोण्या टाका. विमान सपाट असताना कोणी इंजिनवर रेलायचं नाही. प्रॉपेलर आडवा फिरवून ठेवा. शेपटाखाली चाक असणाऱ्या विमानात सपाट असताना पात्याच्या टोकाखाली नऊ इंच मोकळे हवेत हा अमेरिकेच्या लहान विमानांच्या नियमांत २०१७ पर्यंत किमान आकडा होता, म्हणजे बघा, जागा किती थोडी असते. वजन घेताना मात्र घोडी, पट्टा, गोण्या सगळं धरून टेअर (विमानाशिवायचं वजन) आधी मोजून ठेवा. पंखे बंद, शेडचं दार बंद.

धागाकर्ता (दहा दिवसांनी): घोडी झाली! पाइप कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, वेल्डिंग रबाळ्यात. काल उचललं. उंबऱ्यावर लेव्हल बाटली ठेवली, बुडबुडा मधोमध यायला चौथ्या आणि पाचव्या भोकाच्या मधली उंची लागत होती, म्हणून खोबण्यात रबराचा आणखी एक थर घातला. मग ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या. उचलण्याआधी ४.५० होतं ते ४.४० भरलं.

डावं चाक १८७, उजवं १८६, शेपूट टेअर वजा जाता २७. एकूण ४००. सत्तावीस गुणिले ४.४०, भागिले ४००, म्हणजे गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे जेमतेम ३० सेंटिमीटर. जमिनीवर ३८ होतं ते वर नेल्यावर २७ झालं हे पोरांनी स्वतः काट्यावर पाहिलं. ज्याचा हात थोडक्यात वाचला तो पोरगा बराच वेळ त्या काट्याकडेच बघत होता. आज सकाळी येऊन पाहतो तर घोडीवर पिवळ्या रंगाने "उलाळ सांभाळा" लिहिलेलं.

एक राहिलं. सरळ झालेला पाटा कळंबोलीत ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे गॅसवर तापवून पुन्हा वाकवून घेऊ का?

जुना_फिटर: अजिबात नको. तापवलात की त्याचं पाणी उतरेल. नवीन पाटा शोधा. तोवर घोडी आहेच ना, शेपूट तिच्यावरच राहू दे, अगदी खालच्या भोकात.