मदत हवी आहे: १९२०च्या दशकातला वेगा टेनर बँजो, दुरुस्तीनंतरही आवाज बसलेलाच

नमस्कार मंडळी,

आधीच सांगते, हा गणपतीतल्या बँजो पार्टीचा बँजो नाही. तो बटणांचा, बुलबुलतरंगाच्या कुळातला, त्याचं मूळ जपानी ताइशोगोतोत आहे. मी विचारतेय ते अमेरिकन टेनर बँजोबद्दल. मेपलचं गोल कडं, त्यावर मढवलेलं चामडं, चार तारा आणि पिकने वाजवायचा.

मी बॉस्टनजवळ राहते. लहानपणी व्हायोलिन शिकले होते, आता दोन वर्षं इथल्या आयरिश सेशनला, म्हणजे एकत्र जमून आयरिश लोकसंगीत वाजवायच्या बैठकीला जाते. टेनरच्या तारा व्हायोलिनसारख्याच एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात, म्हणून बोटांना घर सापडलं. मूळ अमेरिकन मेळ सी-जी-डी-ए. आयरिश लोक जी-डी-ए-ई लावतात, म्हणजे व्हायोलिनचेच सूर एक सप्तक खाली. डब्लिनर्स या आयरिश लोकसंगीताच्या बँडमधल्या बार्नी मकेना यांच्यामुळे तो मेळ रूढ झाला.

मार्चमध्ये वेगा कंपनीचा 'लिटल वंडर' घेतला. १९२०च्या दशकातला, १७ पडद्यांचा, पाठ उघडी. बॉस्टनमध्येच बनलेला, त्यामुळे जीव जडला. विकणाऱ्याने 'पूर्ण रिस्टोअर्ड' असं सांगितलं होतं. पडदे नवे, वासराचं चामडं नवं, ते ताणणारे हुक चकचकीत. दिसायला फार देखणा आहे.

पण आवाज बसलेला आहे. लिटल वंडरला वेगाच्याच ट्यूबाफोन मॉडेलसारखी लांब आस नसते हे मला ठाऊक आहे. ट्यूबाफोनमध्ये चामड्याखाली भोकं पाडलेली चौकोनी धातूची नळी असते, तिच्यामुळे सूर घंटेसारखा रेंगाळतो. लिटल वंडरमध्ये कड्याच्या वरच्या काठावरून पत्रा दुमडून घेतलेला असतो, त्याचा सूर आखूड, लाकडी आणि गोड. मला तोच हवाय. माझ्या वाद्यातून मात्र पुठ्ठ्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. खर्जाची 'जी' सुराची तार ढिली वाटते आणि जवारी काढल्यासारखी झणझणते. जवारी सतारीवर हवी, इथे नको.

चामडं काढून प्लास्टिकचं बसवू का? तारा किती जाडीच्या लावू? आणि एक बारीक गोष्ट: दांडीची टाच जिथे कड्याला टेकते तिथे दोन्ही बाजूंना पोस्टकार्ड सरकेल एवढी फट आहे, पाठीकडे जरा जास्तच. याचा आवाजाशी संबंध असेल का?

प्रतिसाद १

ताई, घाईने चामडं काढू नका. मी तबलेवाला आहे, बँजो वाजवत नाही, पण ओल्या हवेत पुडी कशी उतरते ते रोज बघतो. तुमच्याकडे उन्हाळा दमट असणार. चामडं सैल पडलं की घोडी (चामड्यावरची, तारा जिच्यावर टेकतात ती) खाली बसते, तारा पडद्यांना लागतात आणि झणझणतात. हुक समोरासमोरचे आलटून पालटून, पाव-पाव फेरा आवळा. गोल फिरत एका बाजूने आवळत गेलात तर चामडं तिरकं ओढलं जाईल. प्रत्येक हुकाजवळ बोटाने टिचकी मारून सूर ऐका, आम्ही गट्टे ठोकताना ऐकतो तसा. हिवाळ्यात हीटर सुरू झाला की आठवणीने थोडं सैल करा, कोरड्या हवेत फाटतं.

प्रतिसाद २

आधी तारांचं बघू. सी-जी-डी-एच्या संचात सगळ्यात जाड तार साधारण ०.०३० इंचाची असते. तीच 'जी' सुरापर्यंत उतरवली तर लोंबणारच, त्यातून १७ पडद्यांची दांडी आखूड. आयरिश मेळासाठी ०.०१२ ते ०.०४०च्या आसपासचा संच घ्या. पण तारगहनाच्या (दांडीच्या खुंट्यांकडच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) खाचा जुन्या बारीक तारांच्या मापाच्या असतील. जाड तार त्यात अडकून बसते, खुंटी फिरवताना टक्कन उडते. खाचा रुंद कराव्या लागतील. खोल करू नका.

प्लास्टिकबद्दल: ती पुडी १९५०च्या दशकाच्या शेवटी आली. तुमच्या वाद्याचा जन्म चामड्यावरचाच. सेशनला दर आठवड्याला नेणार असाल तर प्लास्टिकने डोकेदुखी कमी होते हे खरं, पण जुन्या कड्यांची मापं आजच्या ११ इंचांशी जुळतीलच असं नाही. मोजल्याशिवाय मागवू नका. आणि लिटल वंडरचा तो लाकडी गोडवा चामड्यावरच खुलतो, असं माझं ठाम मत आहे.

आता फट. तुम्ही 'बारीक गोष्ट' म्हणालात, मला तीच मोठी वाटते. टाच मधोमध टेकते आणि दोन्ही कडांना फट असेल, तर टाचेचा बाक मोठ्या कड्यासाठी कापलेला आहे. वेगाची कडी वेगवेगळ्या मापांची असत. चामड्याच्या खाली आरपार जाणारी लाकडी काठी पाहा, तिच्यावर नंबर ठोकलेला असतो. कड्याच्या आतल्या बाजूलाही असतो. दोन्ही जुळतात का? घोडी किती उंच आहे तेही सांगा.

धागाकर्ती

आत्ता टॉर्च घेऊन पाहिलं. दोन्ही नंबर ठसठशीत वाचता येतात आणि जुळत नाहीत. शेवटचा आकडा चुकलाय असंही नाही, पूर्ण वेगळे आहेत. घोडी अर्धा इंच.

विकणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

प्रतिसाद २

वाईट वाटणं साहजिक आहे. हे कसं होतं ते सांगतो. तीसच्या दशकात गिटारने टेनरला बाजूला सारलं आणि हजारो टेनर पडून राहिले. पुढे पाच तारांच्या बँजोला मागणी वाढली, तेव्हा लोकांनी चांगली कडी घेऊन त्यांना पाच तारांच्या दांड्या बसवल्या. ट्यूबाफोनच्या कड्यांच्या मागणीला तर आजही धरबंद नाही. मूळ टेनरच्या दांड्या अशा पोरक्या झाल्या. तुमची दांडी त्यांतलीच असावी.

आता आवाजाचं गणित जुळतं. टाच नीट टेकत नाही, पाठीकडे फट जास्त, म्हणजे तारांच्या ताणाने दांडी पुढे झुकलीय. त्याने तारा पडद्यांपासून उंच गेल्या. त्या खाली आणायला ठेंगणी घोडी बसवली. ठेंगण्या घोडीवर तारांचा दाब कमी पडतो, चामडं हलत नाही, आवाज निघत नाही.

टाच तासू नका, कुणी सुचवलं तरी. तासलेलं लाकूड परत येत नाही. फटीच्या आकाराची मेपलची पातळ चकती घडवून आत बसवा, गोंद न लावता. काठीच्या तिथला आवळणीचा स्क्रू तिला धरून ठेवेल. मग ५/८ इंचाची घोडी. घोडीची जागा ठरवताना बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एक येईपर्यंत ती सरकवा.

धागाकर्ती, ११ दिवसांनी

उशिरा लिहितेय, काम चालू होतं. चकती घडवण्याआधी व्हिजिटिंग कार्डाच्या घड्या घालून पाहिलं. स्क्रू आवळला, ५/८ची घोडी ठेवली, चामडं तबल्यासारखं टिचकी मारत आवळलं, जाड तारा लावल्या. पहिल्याच डीला शेजारच्या खोलीतून नवरा उठून आला. सूर आखूड आहे, पण भरलेला. खर्जाची 'जी' तार आता झणझणत नाही, छातीत वाजते. मेपलची चकती कालच बसवली, कार्डापेक्षा आवाज आणखी मोकळा झाला. चामडं तेच ठेवलंय.

दोघांचे मनापासून आभार. दादा, तुमचं टिचकीचं तंत्र मी रोज वापरतेय.

एक मागणं उरलंय. माझी दांडी ज्या कड्यावर जन्मली ते कडं बहुतेक कुठेतरी पाच तारांची दांडी लावून वाजत असेल. इथल्या कुणाकडे, किंवा ओळखीत, असा वेगा असेल तर कड्याच्या आतला नंबर पाहाल का? मला निरोप करा, काठीवरचा नंबर पाठवते. विकत मागणार नाही. एकदा दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढायचाय.