घामट हवेत चेहऱ्याला कोणतं अ‍ॅसिड लावावं? सल्ला हवा

म्हापशेकरीण
रोज म्हापशाहून पणजीला स्कूटरने जाते. हेल्मेट टेकतं तिथे कपाळभर बारीक पुटकुळ्या, आणि त्या बसल्या की काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. म्हणून ३० टक्के एएचएचं, म्हणजे वरची मेलेली कातडी सोलणाऱ्या अ‍ॅसिडचं, पीलिंग आणलं. आठवड्यात चारदा लावलं, दर वेळी वीस मिनिटं. आता नाकाच्या कडांना साधं पाणी लागलं तरी झोंबतं, कपाळ ताणल्यासारखं चकाकतंय आणि डाग उलट गडद झालेत. पुढच्या महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे. आता कोणतं लावू?

डिचोलीची आत्या
बाय, आत्ता कुठलंच नको! एवढं जोराचं पीलिंग १० मिनिटांत धुवायचं असतं, तेही आठवड्यातून फार तर एकदा. सौम्य फेसवॉश, सेरामाइडचं (कातडीत ओलावा धरून ठेवतं ते) मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बस्स. लिंबू-बेसनसुद्धा नको. पाणी सुटलं किंवा फोड आले तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठ. माझ्या लेकीचंही असंच झालं होतं, पोरीने दोन आठवडे आरशात बघणं सोडलं होतं. वाईट वाटतं गं.

फोंडेकर
आत्या बरोबर सांगतात. झोंबणं पूर्ण थांबलं की सॅलिसिलिक अ‍ॅसिडपासून सुरुवात करा, २ टक्क्यांच्या वर नको, आठवड्यातून दोनच रात्री. ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रात साठलेल्या तेलापर्यंत पोचतं. घामट, तेलकट कपाळाला तेच बरं. ग्लायकोलिक हे एएचएपैकीच, त्याचा रेणू लहान, झपकन आत शिरतो, आणि आपल्या सावळ्या कातडीवर जळजळ झाली की तिथे डाग ठरलेलाच. डागांसाठी पुढे मँडेलिक बघा, तेही एएचएच. त्याचा रेणू मोठा, म्हणून सावकाश काम करतं. रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम) वापरत असाल तर अ‍ॅसिडच्या रात्री लावू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सनस्क्रीन मात्र एसपीएफ ३० च्या खाली नकोच, पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशीही. एएचए थांबवल्यावरही आठवडाभर ऊन जास्त बाधतं. आणि हेल्मेटचं अस्तर निघत असेल तर धुऊन काढा.

म्हापशेकरीण
अस्तर आत्ताच काढलं, पाणी काळंकुट्ट निघालं. लग्नाआधी पार्लरमध्ये फेशियल चालेल का?

डिचोलीची आत्या
नको गो. ब्लीच तर अजिबात नको. डाग दिसले तर दिसू देत, जळकी कातडी घेऊन मांडवात उभी राहू नकोस.