सहा महिन्यांचा फंड पुरेल का?

वर कोणीतरी लिहिलंय की सहा महिन्यांचा खर्च एफडीत टाकला की मंदीचं टेन्शन नाही. टाकावाच, पण १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आमच्या लालबागच्या चाळीतही सगळे हेच म्हणत होते, दोन-तीन महिने कळ काढू. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आधी आईच्या पाटल्या गेल्या, मग तांब्याचा बंब (अगदी मातीमोल भावात), मग आम्हा भावंडांना गावी आजीकडे धाडलं, तिथे निदान भात आणि कुळथाची पिठी तरी होती. बाबांना लूम सोडून दुसरं काही येतच नव्हतं, खरी गोची तिथे झाली. भाजीची गाडी लावली तर ओळखीचं कोणी दिसलं की बाजूला सरकायचे बिचारे. घर तगलं ते आई जेवणाचे डबे करून द्यायची त्यावर. म्हणून आमच्याकडे दोघंही कमावतो पण ईएमआय एकाच्याच पगारात बसवलाय, फ्लॅट वन बीएचके आहे, नातेवाईक हसतात, हसू देत.